वितळायच्या आत

नमस्कार. मी सोळा वर्षांची आहे आणि शाळेत कधीच गेलेले नाही. घरीच शिकते. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो : "मग दिवसभर करतेस काय?" तिथूनच सुरुवात करते.

डोकं ताजं असतं म्हणून सकाळी दीड-दोन तास गणित. घंटा होत नाही, त्यामुळे एखादं प्रमेय अडलं तर तीन दिवस त्यालाच चिकटून बसता येतं. टाळायचं म्हटलं तर तीन आठवडे टाळताही येतं, हेही खरं. मग वाचन, घरातली कामं, धाकट्या भावाचा अभ्यास. आठवड्यातून दोनदा वाचनालय आणि एकदा चित्रकलेचा वर्ग. त्या वर्गाला वयाची अट नाही. परीक्षा बाहेरून देते. सगळीकडे हे चालतं असं नाही. जर्मनीत मुलांनी शाळेत जाणं सक्तीचं आहे. इंग्लंडमध्ये मात्र सक्ती शिक्षणाची आहे, शाळेची नाही.

घरी शिकण्यातून मला काय मिळालं, हे एका वजाबाकीवरून सांगते.

भाऊ एकदा १००० वजा ६३७ करत होता. सगळ्या शून्यांवरून उसने घ्यायचे म्हणून चिडला होता. मी त्याला तेच पुन्हा पुन्हा समजावत होते, कारण मला तेवढंच येत होतं. आजोबा शेजारी बसले होते. ते म्हणाले, "तीन, साठ, तीनशे. झाले तीनशे त्रेसष्ट." मला काही कळेना. त्यांनी वजाबाकी केलीच नव्हती. ६३७ पासून ६४० पर्यंत तीन, तिथून ७०० पर्यंत साठ, पुढे हजारापर्यंत तीनशे. आजोबांची पंचवीस वर्षं तिकीट खिडकीवर गेली. सुटे परत देणारा माणूस असाच वर मोजत जातो. तेवढ्यात भावानं स्वतःची युक्ती काढली : हजारातला एक बाजूला ठेवायचा, ९९९ मधून ६३७ काढायचे, म्हणजे उसने घ्यावेच लागत नाहीत, आणि शेवटी तो एक परत मिळवायचा. आईला विचारलं, तर ती डावीकडून सुरू करते. आधी सहाशे काढते, मग तीस, मग सात.

उत्तर सगळ्यांचं एकच, ३६३. नुसतं उत्तर तपासलं असतं तर चौघंही सारखेच दिसलो असतो. आजोबांची पंचवीस वर्षं त्या "तीन, साठ, तीनशे"मध्ये होती आणि मी रोज त्यांच्यासोबत राहूनही ती कधी पाहिली नव्हती. त्या दिवसापासून मला माणसं काय करतात यापेक्षा कशी करतात, हे बघायचा नाद लागला.

असाच नाद असलेल्या एका मुलाबद्दल मी नंतर वाचलं. विल्सन बेंटली. १८६५ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, जेरिको गावच्या शेतकऱ्याच्या घरी जन्मला. आई पूर्वी शिक्षिका होती. चौदा वर्षांचा होईपर्यंत तिनंच त्याला घरी शिकवलं आणि तिच्याकडूनच त्याला सूक्ष्मदर्शक मिळालं. तो हिमकण त्याखाली ठेवून चित्रं काढायचा, पण चित्र पुरं व्हायच्या आत कण वितळून जायचा. मग सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी, एकोणिसाव्या वर्षी, त्यानं आपला हिमकणाचा पहिला फोटो काढला. पुढे १९३१ मध्ये वारेपर्यंत पाच हजारांहून जास्त फोटो काढले. कण पिसानं अलगद उचलायचा, आपल्या श्वासानं वितळू नये म्हणून श्वास रोखायचा. तंतोतंत सारखे दोन त्याला सापडले नाहीत.

असं का, तेही फार सुंदर आहे. कण ज्या हवेतून खाली येतो तिथलं तापमान आणि बाष्प त्याला आकार देतं. उणे पंधरा अंशांच्या आसपास फांद्या फुटलेल्या चांदण्या होतात, उणे पाचाच्या सुमारास बारीक सुया. दोन कणांची वाट कधी अगदी एक नसते, म्हणून आकारही एक होत नाही.

आता एक कबुली. हे सगळं वाचूनही बरीच वर्षं माझी समजूत होती की शाळेतली मुलं एका साच्यातली आणि आम्ही घरी शिकणारे तेवढे वेगळे. एका मैत्रिणीपाशी मी तसं बोललेही. ती शाळेत जाते. तिला राग आला आणि तिनं वर्गातल्या एकेका मुलीबद्दल सांगायला सुरुवात केली. एक जण उत्तर येत असलं की हात वर करण्याआधी केस कानामागे सारते. एक जण पुस्तकाचं शेवटचं पान पहिल्यांदा वाचते. एकीची पावलं जिन्यावर न बघता ओळखू येतात. एका ढगातून पडलेलं बर्फ लांबून नुसतं पांढरं दिसावं, तसं मी त्या वर्गाकडे बघत होते. मैत्रीण जवळून बघत होती. तेव्हा मला तिचा हेवाही वाटला. तिच्याभोवती रोज तीस जणी असतात. माझ्याकडे वेळ भरपूर, पण माणसं मोजकी. काही दुपारी फार एकटं वाटतं, आणि घरी शिकवायचा विचार करणाऱ्या पालकांनी हे माझ्याकडून ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. रोज एका माणसाबद्दल एक ओळ. "चांगला आहे", "हुशार आहे" असं लिहायचं नाही, डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं. कालची ओळ चित्रकलेच्या वर्गात नव्यानं आलेल्या एका काकूंबद्दल आहे. कागद लावून झाला की त्या तळहातानं तो दोनदा पुसतात, क्षणभर थांबतात आणि मगच पेन्सिल उचलतात. कागद कोराच असतो, पुसण्यासारखं त्यावर काहीच नसतं. का पुसतात, ते मी येत्या वर्गात त्यांना विचारणार आहे.