सग्वारोचं फळ : पावसाआधीची गोडी

श्रोतेहो, नमस्कार.

निवडुंगाचं फळ म्हटलं की हल्ली आपल्याला ड्रॅगन फ्रूट आठवतं. सांगली-सोलापूरकडे सिमेंटच्या खांबांवर चढवलेल्या त्याच्या बागा तुम्ही पाहिल्या असतील. ते निवडुंगाच्याच कुळातलं, पण मूळचं मध्य अमेरिकेच्या जंगलातलं, झाडांच्या आधाराने वर जाणारं. शिवाय रूपाच्या मानाने चवीला अगदीच फिकं, असं आपलं माझं मत. आज बोलायचंय ते खऱ्या वाळवंटातल्या फळाबद्दल.

अमेरिकेतलं ॲरिझोना आणि सीमेपलीकडचं मेक्सिकोचं सोनोरा राज्य, या भागात सोनोरन वाळवंट पसरलंय. तिथे सग्वारो वाढतो. काऊबॉयच्या चित्रांत मागे हात वर करून उभा असलेला उंच निवडुंग असतो ना, तोच. चाळीस फूट उंची त्याला सहज गाठता येते, पण घाई म्हणून नाही. पहिली फांदी फुटायलाच बहुधा 50 ते 75 वर्षं जातात. उन्हाळ्याच्या तोंडाला शेंड्यांवर पांढरी फुलं येतात. ती रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मिटतात. मग जूनच्या अखेरीला, पारा चाळिशीच्या वर असताना, फळं पिकतात.

फळ लांबट, बोटभर. पिकलं की वरच्या वर उकलतं आणि आतला लालभडक गर दिसतो. दुरून बघणाऱ्याला वाटावं, फूलच उमललंय. आपल्याकडच्या फड्या निवडुंगाची बोंडं ज्यांनी लहानपणी खाल्लीत, त्यांना बोटांत आणि जिभेत रुतणारी ती बारीक कुसं आठवत असतील. सग्वारोच्या फळाला तसली कुसं नसतात.

आता चव. ताजं, रसरशीत फळ सौम्य गोड लागतं. आंबटपणा जवळजवळ नाहीच, त्यामुळे पहिल्या घासाला काही जण थोडे हिरमुसतात. पण तेच फळ उन्हाने जागच्या जागी सुकलं, की गर आटून दाट, चिकट होतो आणि थेट सुक्या अंजिराच्या वळणावर जातो. एका फळात दोनेक हजार बारीक काळ्या बिया. त्या दाताखाली कुरकुरतात, जरा तेलकट, खमंग लागतात. मला विचाराल तर फळाची खरी मजा या बियांत आहे. त्या गाळून टाकल्या, तर उरतो नुसता गोडवा.

हे फळ ज्यांचं, ते या वाळवंटातले मूळ रहिवासी, तोहोनो ओओधम लोक. तीस-चाळीस फुटांवरचं फळ काढायचं कसं? मेलेल्या सग्वारोच्या आतल्या लाकडी बरगड्या एकमेकींना जोडून ते लांब काठी करतात, टोकाला एक आडवी काडी बांधतात. तिला ते ‘कुईपाड’ म्हणतात. सग्वारोचं फळ सग्वारोच्याच हाडांनी काढायचं! फळाच्या टोकाला चिकटलेल्या वाळक्या फुलाची कडक कड सुरीसारखी वापरून साल चिरतात. गर काढला, की रिकामी साल लाल बाजू आभाळाकडे करून जमिनीवर ठेवतात, पावसाला बोलावणं म्हणून. कारण आपल्यासारखाच तिथेही उन्हाळ्यानंतर मान्सून येतो, साधारण जुलैत. त्यांचं नवं वर्षही याच हंगामात सुरू होतं.

गर पाण्यात भिजवून उकळतात, गाळतात आणि पुन्हा आटवतात. गडद तपकिरी पाक होतो, काकवीइतका काळपट. टोपलीभर फळांतून तो थोडासाच निघतो. बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून, भाजून, दळून खातात. पाकात पाणी घालून आंबवलं की दोन-तीन दिवसांत सौम्य मद्य तयार होतं. ते पावसाच्या विधीत सगळ्यांनी मिळून प्यायचं. टिकणारं हे पेय नाही, लगेच संपवावं लागतं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते.

तुमच्यापैकी कुणाची मुलं ॲरिझोनात फीनिक्स किंवा टुसॉनकडे असतील आणि जून-जुलैत तिकडे जाणं झालं, तर स्वतःहून फळ पाडायला जाऊ नका. सग्वारोला तिथे कायद्याचं संरक्षण आहे. पाकाची छोटी बाटली मात्र मिळाली तर जरूर घ्या. महाग वाटेल, पण घ्या.