माजघरातल्या दोन खुंट्या

(दृश्य: कोकणातलं जुनं घर. माजघराची भिंत, हातभर अंतरावर दोन लाकडी खुंट्या.)

या दोन खुंट्यांवर कित्येक वर्षं एक बंदूक टांगलेली असायची. ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजानं ठासायचं. भातावर डुकरं उतरली की रात्री एक बार काढायचा. बहुतेक वेळा तो आवाजच पुरे व्हायचा. अशा बंदुकीच्या कागदाला इकडे शेती संरक्षण परवाना म्हणतात.

बंदूक ज्यांची होती ते आजोबा गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे परतले. बंदूक तिथेच टांगलेली. घरात आता विनापरवाना शस्त्र आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

वारसनोंद झाली की सातबाऱ्यावर मुलांची नावं चढतात. बंदुकीचं तसं नाही. परवाना माणसाच्या नावावर, आणि माणसाबरोबरच तो संपतो. त्यानंतर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं, असं शस्त्र अधिनियमाचं २१वं कलम सांगतं. मुलाला ती हवी असेल तर त्यानं स्वतःच्या नावानं नवा अर्ज करायचा. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं झाली आहे. आजोबांची आठवण म्हणून ठेवली होती, हे उत्तर कोर्टात किती चालेल, तुम्हीच ठरवा.

(दृश्य: जिल्हाधिकारी कार्यालयाचा व्हरांडा. खिडकीपाशी रांग.)

मूळ कायदा १९५९चा, सध्याचे नियम २०१६चे. ग्रामीण भागात परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. मुंबई, पुणे, नागपूर अशा आयुक्तालयांच्या शहरांत पोलीस आयुक्त. वय २१ पूर्ण हवं. पोलीस चौकशी होते, डॉक्टरांचा दाखला लागतो, त्यात मानसिक आरोग्यही आलं. शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. परवाना मिळाला की तो राष्ट्रीय नोंदणीत चढतो आणि त्याला स्वतःचा क्रमांक मिळतो. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, २०१९पासून दोनच. नूतनीकरण मात्र तीनऐवजी पाच वर्षांनी.

कायद्यात शेतकऱ्यासाठी एक खास ओळ आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, हे कारण कायद्यानंच मान्य केलंय. पण राखण म्हणजे शिकार नव्हे. रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते. आणि घर अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत असेल, तर परवानाधारकानं वन्यजीव विभागाकडेही नाव नोंदवायचं असतं. राधानगरीच्या आसपास राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, शंकाच आहे.

अर्जासोबत एक हमीपत्र असतं: शस्त्र सुरक्षित ठेवीन. अख्ख्या फायलीत सगळ्यात कमी वाचला जाणारा कागद बहुधा हाच. सही केली की झालं! आमच्या मते खरा परवाना तिथे सुरू होतो.

(दृश्य: जवळून. पितळी टोकाचा गज, त्यावर कोरलेल्या दोन खुणा.)

हा गज पाहा. रिकाम्या नळीत तो सोडला की वरच्या खुणेपर्यंत आत जातो. नळी भरलेली असेल तर बोटभर आधीच अडतो, खालच्या खुणेवर. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे नुसतं बघून कळत नाही. घोड्याखालची टोपी, म्हणजे बार पेटवणारी छोटी धातूची वाटी, काढली की बंदूक रिकामी झाली, असं समजणारे बरेच. आत दारू आणि छर्रे तसेच असतात. जुन्या माणसांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी गजावर खुणा केल्या. काडतुसाच्या दुनळीचं सोपं: नळी बिजागरीपाशी खाली वाकवून उघडायची, दोन्ही घरं डोळ्यांनी बघायची, वर बोट घालूनही बघायची.

मग ती ठेवायची कुठे? साड्यांच्या घडीखाली नको, तांदळाच्या कणगीमागे नको, माळ्यावर तर नकोच. मोठ्यांनी लपवलेलं लाडूचं पातेलं ज्याला सापडतं, त्याला बंदूकही सापडते. भिंतीला बोल्टनं पक्कं केलेलं लोखंडी कपाट, त्यात रिकामी बंदूक, ट्रिगरला कुलूप. काडतुसं किंवा दारू दुसऱ्याच कुलपात. चावी परवानाधारकाच्या खिशात. देवघरातल्या डबीत, जिचा पत्ता सगळ्या घराला माहीत आहे, तिथे नव्हे. कोकणात आणखी एक भानगड, पावसाळ्यातली ओल. चामड्याच्या म्यानात ओल धरून राहते आणि नळीला गंज चढतो. म्हणून पुसून, तेलाचा हलका हात देऊन, म्यानाबाहेर ठेवायची.

भावाला, मेव्हण्याला दोन दिवसांसाठी देणं कायद्यात बसत नाही. परवानाधारक सोबत असेल, किंवा दुरुस्तीला वा नूतनीकरणाला न्यायची आहे असं त्यानं लिहून दिलं असेल, तरच ती दुसऱ्याच्या हातात चालते. आणि वरातीत हवेत बार काढणं? २०१९पासून निष्काळजीपणे असा गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

(दृश्य: पोलीस ठाण्याचा शस्त्रसाठा. प्रत्येक बंदुकीला सुतळीनं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी.)

निवडणूक लागली की या खोलीत जागा पुरत नाही. कुणाची शस्त्रं जमा करून घ्यायची, हे छाननी समिती ठरवते. निकालानंतर पावती दाखवून ती परत न्यायची.

या रांगेत आजोबांची बंदूकही आहे. मुलगा ती गोणपाटात गुंडाळून घेऊन आला, सोबत मृत्यूचा दाखला आणि कडा झिजलेलं परवान्याचं पुस्तक. हवालदारांनी आधी गज मागितला, नळीत सोडला, वरच्या खुणेपर्यंत जाऊ दिला. मगच पावती फाडली.

नव्या परवान्यासाठी अर्ज करायचा का, हे घरात अजून ठरलेलं नाही. खुंट्यांवर सध्या एक छत्री असते आणि एक बॅटरी.