‘थांब, मी भरून देतो’

(रत्नागिरीत महाविद्यालयांच्या प्रवेश विभागात काम करणाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आयोजकांनी मला विषय दिला तो असा : दिव्यांग विद्यार्थ्यांना प्रवेश अर्ज भरायला मदत कशी करावी. मी आज थोडं त्या मदतीच्या विरोधातच बोलणार आहे. रागावू नका.

कोकणात मदतीला तोटा नाही. निकाल लागला की सायबरवाला, महा ई-सेवा केंद्रातली ताई, वाडीतला इंजिनिअरिंगला गेलेला दादा आणि तुम्ही स्वतः, सगळे हजर असता. डोळ्यांनी न दिसणारी मुलगी खिडकीशी आली की कुणीतरी म्हणतंच, ‘थांब गो, मी भरून देतो.’ अर्ज जातो, पावती निघते, मुलीची आई दोनदा हात जोडते.

आता त्या अर्जात काय काय गेलं ते बघा. मोबाइल नंबर दुकानदाराचा, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे आणि पुढच्या फेरीचा मेसेजही त्याच्याकडे. पासवर्ड त्याच्या वहीत. वडिलांचं उत्पन्न, जात, अपंगत्वाची टक्केवारी हे सगळं रांगेतल्या दहा जणांसमोर मोठ्याने विचारून झालेलं. आणि पसंतीक्रम? ‘जवळचं कॉलेज आधी टाकूया ना?’ असं विचारत त्यानेच लावलेला. मुलीला कदाचित मुंबईला जायचं होतं. शिवाय पोर्टल चालवणाऱ्यांच्या हिशेबी अर्ज सुरळीत आला, म्हणजे अर्जात दोष नाही. आपण जितकी मनापासून मदत करतो तितका तो दोष झाकला जातो. रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालताना आपण काही हातचं राखत नाही. कार्यालयात मात्र ‘कशाला कुणाला दुखवा’ म्हणून घरी येतो.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशसुद्धा राज्यभर ऑनलाइन झाले. तोवर आपल्याकडे छापील अर्ज हातात मिळायचा. तो काही माझ्यासारख्या अंधाला वाचता येत नव्हता, पण निदान सगळ्यांना तसं ठाऊक तरी होतं. ऑनलाइन अर्ज मला वाचता यायला हवा, कारण माझा संगणक बोलतो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो, तो मराठीही वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये त्याच कामाचा टॉकबॅक असतोच. सोय माझ्या बाजूने झालेली आहे. गाडी अडते ती अर्जाच्या बाजूला.

अडते म्हणजे कशी, तेही ऐका. मी टॅब दाबत पुढे जातो आणि कानावर येतं : ‘एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक.’ म्हणजे नुसत्या रिकाम्या चौकटी. पडद्यावर प्रत्येक चौकटीशेजारी ‘वडिलांचे नाव’, ‘आडनाव’ असं छापलेलं असतं, पण ती पाटी आणि ती चौकट आतून एकमेकींना जोडलेलीच नसतात. जोडायला प्रोग्रामरला प्रत्येक चौकटीमागे एखादी ओळ लिहावी लागते. मग जन्मतारीख. तिथे कॅलेंडर उघडतं ते चालू महिन्याचं, आणि २००८ सालापर्यंत एकेक महिना मागे सरकत जायचं. तारीख टाइप करू दिली असती तर काम झालं असतं. पुढे ‘लाल चौकटीतील माहिती दुरुस्त करा’. कुठली लाल? ज्याला रंग कळत नाहीत अशा डोळस मुलालाही हाच प्रश्न पडतो. ‘पिनकोड सहा अंकी हवा’ असं शब्दांत लिहिलं की दोघांचंही भागतं. आणि शेवटी कॅप्चा, वेडीवाकडी अक्षरं ओळखून आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्याचा. तिथे मी माणूस ठरत नाही.

सत्र, म्हणजे अर्ज भरायला मिळणारा वेळ, संपण्याची गोष्ट नुसती अंधांची नाही. हात थरथरणाऱ्या, एका बोटाने टाइप करणाऱ्या मुलाला वेळ जास्त लागतो, आणि अर्ज मध्येच ‘तुमचे सत्र संपले’ म्हणून सगळं पुसून टाकतो. वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे, जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत यावर साधा तोडगा दिलेला आहे : वेळ संपण्याआधी सूचना द्या, निदान वीस सेकंद थांबा, आणि एक कळ दाबून वेळ वाढवू द्या, तीही दहा वेळा तरी. जूनच्या पावसात वीज आणि रेंज कधी जाईल याचा नेम नसलेल्या मंडणगड-वैभववाडीच्या पोरांनाही यातून दिलासाच मिळेल.

कर्णबधिर विद्यार्थ्याची अडचण वेगळी. अर्ज दिसतो, चौकटी दिसतात, पण शंका विचारायला दिलेला असतो फक्त फोन नंबर. त्यापुढे ‘व्हॉट्सॲपवर लिहून विचारा’ एवढं टाकायला पैसा लागत नाही. सही अपलोड करायची चौकट असते, पण हातच नसेल त्याने काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

हे प्रोग्रामरचं काम, आमचं नाही, असं तुम्ही म्हणाल. अर्धं खरं आहे. पण तुमच्या टेबलावरून निघणाऱ्या सूचनांचं काय? गुणवत्ता यादी छापायची, शिक्का मारायचा, मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. माझ्या स्क्रीन रीडरला तो नुसता फोटो. त्याहून वाईट म्हणजे जुन्या फॉन्टमधली माहितीपुस्तिका. कृतिदेवमध्ये ‘प्रवेश’ टाइप केलं की तुम्हाला दिसतं मराठी, पण संगणकाच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरं. माझ्या कानाला ऐकू येतं ‘आय झेड ओ एस’ असलं काहीतरी. पूर्ण पुस्तिका अशी ऐकून बघा एकदा! युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ स्कॅन करून बनवू नका, थेट फाइलमधून काढा. आणि सहीशिक्क्याचा फोटो टाकायचाच असेल तर खाली तोच मजकूर टाइप करून टाका.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलत त्याच्या ३२ व्या कलमात आहे, आणि त्यासाठी अपंगत्व किमान ४० टक्के लागतं. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, अध्ययन अक्षमता, ॲसिडहल्ल्याने आलेलं अपंगत्व, सगळे त्यात आहेत. तुमच्या अर्जाची यादी उघडून बघा, ‘अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग’ यांच्यापुढे गेली आहे का? सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीपुरते ठेवून चालणार नाहीत, सक्तीचे करा, असं ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आणि ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे २१ व्या अनुच्छेदाचा भाग ठरवला. तो खटला बँकांच्या केवायसीचा होता. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा म्हणायचं, आणि ॲसिडहल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या बाईला ती करता येत नाही. पोर्टलवर चेहऱ्याची पडताळणी आणायची कल्पना उद्या कुणी मांडली तर हा खटला त्यांना दाखवा.

अर्जातल्या प्रश्नाबद्दलही माझी एक तक्रार आहे. अपंगत्व किती टक्के, प्रमाणपत्र क्रमांक काय, कुठल्या सिव्हिलचं, हे सगळं तो विचारतो. तुला काय लागेल, हे मात्र विचारत नाही. लेखनिक हवा का? वर्ग तळमजल्यावर हवा का? पुस्तकं फाइलच्या रूपात हवीत का? आपली कितीतरी कॉलेजं चढावर आहेत, जांभ्याच्या पायऱ्यांना पावसात शेवाळ धरतं, आणि कागदपत्र तपासणीची खिडकी हमखास पहिल्या मजल्यावर. कुबड्या घेऊन येणारा मुलगा तपासणीला येणार आहे हे अर्जातून आधीच कळलं असतं, तर त्या दिवशी एक टेबल खाली मांडता आलं असतं.

‘आमच्याकडे असे विद्यार्थी येतच नाहीत हो,’ असं मघाशी चहाच्या वेळी एक सर म्हणाले. सर, येत नसतील. पण अर्ज अर्ध्यावर सोडून गेलेल्यांची नोंद तुमच्याकडे आहे का?

तेव्हा दोनच कामं सुचवतो. पहिलं एप्रिलात करायचं, कारण निकालाच्या आठवड्यात पोर्टलला हात लावायला कुणी तयार होत नाही. माउस काढून ठेवा आणि तुमच्या कॉलेजचा अर्ज फक्त कीबोर्डवर शेवटपर्यंत भरून बघा. मग तोच अर्ज एखाद्या अंध माजी विद्यार्थ्याकडून भरून घ्या, आणि त्याला त्या कामाचे पैसे द्या. शाल-नारळावर भागवू नका.

दुसरं काम केंद्रीय, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश पोर्टलसाठी, जे तुमच्या हातात नाही. तिथे मदत करावी लागणारच, करा. पण विद्यार्थ्याचाच नंबर टाका, पसंतीक्रम त्याला हळू आवाजात वाचून दाखवा, पासवर्ड त्यालाच ठरवू द्या. आणि खिडकीशी एक वही ठेवा. विद्यार्थ्याचं नाव नको, अपंगत्वही नको. तारीख, अर्जाचं कुठलं पान, कुठली चौकट, तिथे काय अडलं आणि म्हणून तुम्हाला हात लावावा लागला, एवढंच लिहा. प्रवेश संपले की त्या पानांची प्रत आवक-जावक क्रमांक घालून पोर्टल चालवणाऱ्या कार्यालयाला पाठवा, आणि पोच मागून घ्या.