वाड्यातला चौथरा

दृश्य : दरवाजाची चौकट, अगदी जवळून. मागे चौक.

वर बघा. सागाच्या चौकटीवरची वेलबुट्टी अजून शाबूत आहे, पाकळ्या मोजता येतात. आता खाली. जमिनीपासून वीतभर लाकूड काळं पडलंय, नखानं उकरलं तर भुसा निघतो. ही कूज जुनी नाही. चौकात सिमेंट आलं त्यानंतरची आहे.

दृश्य : कॅमेरा चौकात. चौथरा, अर्धपुतळा.

चौथरा आठ बाय आठ फूट, उंची चार फूट. वर बाबुराव शेडमाके यांचा अर्धपुतळा. तो गावातल्या पोरांनी बसवला, वाड्याच्या घराण्याचा त्याला विरोध आहे.

गाव गडचिरोली जिल्ह्यातलं. नाव घेत नाही, भांडण अजून चालू आहे. जुन्या चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यात ज्या गोंड जमीनदाऱ्या होत्या त्यांत अहेरीची सगळ्यांत मोठी. हा वाडा लहान्यांपैकी एकीचा. सरकारी कागदात जमीनदार, गावाच्या तोंडी राजे. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. 31 मार्च 1951 पासून जमीनदारी गेली. जंगल, तलाव, पडीत जमीन सरकारजमा झाली, राहता वाडा घरच्यांकडे राहिला. आज वारस अकरा आहेत आणि वाड्यात राहत कोणीच नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर थोरल्या घरातल्या एकाचं नाव आहे. पण नमुना 8 हा कराचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे आणि दोन्ही बाजू तोच उतारा खिशात घेऊन फिरतात.

दृश्य : पुतळ्याचा चेहरा, मग पाटी.

बाबुराव मोलमपल्लीच्या जमीनदाराचा मुलगा. 1858 मध्ये गोंड आणि माडिया या आदिवासी जमातींच्या तरुणांना घेऊन तो इंग्रजांशी लढला. घोट-अडपल्लीचे व्यंकटराव सोबत होते. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी त्याला पकडून इंग्रजांच्या हवाली केलं. 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. वय पंचवीस.

म्हणून गावातल्या काही म्हाताऱ्यांचा आक्षेप सिमेंटला नाहीच, जागेला आहे. धरून देणारं घरही जमीनदाराचंच होतं, मग त्याला जमीनदाराच्या चौकात का बसवता? पोरांचं उत्तर तयार असतं : तोही जमीनदाराचाच पोरगा, आणि गावात दुसरी मोकळी जागा दाखवा. दोन्ही म्हणणी खोटी नाहीत. वाडा मात्र या वादात कोणाच्याच बाजूनं नाही. तो भिजतोय.

दृश्य : मोबाइलवरचं जुनं चित्रण. रात्र, हॅलोजन, मिक्सर.

हे चित्रण पोरांनीच केलेलं. वर्गणीतून सळई, गिट्टी, रेती आली. खड्डा खणला दोन फूट. खाली जुनी भर आहे, खापऱ्या, राख, छपराची फुटकी कवेलू. टणक मुरूम लागेपर्यंत खाली जायला हवं होतं. चार कोपऱ्यांना चार खांब, नऊ बाय नऊ इंची, बारा मिलिमीटरच्या चार सळया. चौथऱ्यापुरतं हे पुरेसं आहे. पाया पुरेसा नाही, म्हणून पहिल्याच पावसाळ्यात चौथरा पूर्वेकडे कलला. कडेच्या ग्रॅनाइटची फट बघा, वर बोटभर, खाली काहीच नाही.

पुतळा फायबरचा, आतून पोकळ, चार बोल्टांवर उभा. वरचा ब्राँझचा रंग उन्हानं उडतो, मग पापुद्रा तडकतो आणि पाणी आत शिरतं.

पण खरं नुकसान चौथऱ्यानं केलं नाही. त्याच्याभोवती जी फरशी ओतली तिनं केलं.

दृश्य : चौकाची जमीन. कोपऱ्यात मोरीची जागा.

चौकाला मुळात उतार होता, ईशान्येच्या मोरीकडे. मोरी दगडी, वीतभर रुंद, सांदवाडीत, म्हणजे मागच्या परसात, निघणारी. कार्यक्रमाला चिखल नको म्हणून चार इंच जाडीचं काँक्रीट चारी भिंतींना भिडवून ओतलं. मोरीचं तोंड त्याखाली गेलं. पूर्व विदर्भात वर्षाला बाराशे ते पंधराशे मिलिमीटर पाऊस पडतो. सपऱ्यांच्या, म्हणजे चौकाभोवतीच्या ओसऱ्यांच्या, चारी पाख्यांचं पाणी याच चौकात उतरतं. आता ते दोन-दोन दिवस तुंबतं आणि भिंतीच्या पायात मुरतं.

दृश्य : भिंतीचा खालचा भाग. पांढरा खार. हात फिरतो.

भिंत पांढऱ्या मातीची, अडीच फूट जाड. मातीची भिंत रांजणासारखी असते, ओल घेते आणि अंगातून सोडते. ओल दिसली तेव्हा पोरांनी चांगल्या मनानं तीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा मारला. आता ओलीला बाहेर पडायला वाट नाही. ती सिमेंटच्या मागून वर चढते आणि तीन फुटांच्या वर निघते. खाराची ही रेघ बरोबर तिथेच आहे. आतली माती फुगते, भिंत पोट काढते. दोरी सोडून बघितलं : दहा फुटांच्या उंचीत अडीच इंच फुगवटा. चौकटीचा पाय काँक्रीटमध्ये पुरला गेलाय, तो कुजणारच. आणि जिथे ओलं लाकूड तिथे उधई, म्हणजे वाळवी.

(निवेदन थांबते. कॅमेरा भिंतीवरून छतापर्यंत.)

दृश्य : कागदपत्रं, टेबलावर.

विरोध करणारे शंभर मीटरचा नियम सांगतात : स्मारकापासून शंभर मीटरच्या आत बांधकाम नाही. तो केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांना लागू आहे. हा वाडा केंद्राच्याही यादीत नाही, राज्याच्याही नाही. लागू होतो तो सामान्य प्रशासन विभागाचा 2 मे 2017 चा शासन निर्णय. पुतळा बसवायचा तर जागेचे कागद, स्थानिक संस्थेचा ठराव, पोलिसांचा अभिप्राय, पुतळ्याच्या मातीतल्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. यातलं इथे काहीच नाही. पोरं म्हणतात, कागद करत बसलो असतो तर पुतळा आमच्या नातवांनी बसवला असता. खरं आहे. पण त्याच कागदांत एक तरी अभियंता येऊन पाय खणून बघतो.

दृश्य : भामरागडच्या वाटेवरचे उभे दगड.

भामरागड भागात माडिया लोक मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात, आजही. सिमेंट नाही, पाटी नाही. एकतृतीयांश दगड जमिनीत गेला आणि भोवती लहान दगड ठोकून बसवले की तो पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. बाबुरावाच्या नावानं असा दगड वाड्याबाहेर, आबादीच्या, म्हणजे गावठाणाच्या, जागेत उभा राहिला असता तर ना भिंत भिजली असती ना राजघराण्याला बोलायला जागा उरली असती. हे आमचं मत. पोरांना ते पटत नाही. त्यांना चेहरा हवाय, आणि चेहरा दगडात दिसत नाही.

ग्रामसभा झाली, तंटामुक्त समितीच्या दोन बैठका झाल्या, दोघांवर गुन्हे नोंद झाले, यंदा पोळा दोन ठिकाणी भरला.

दृश्य : मिस्त्री छिन्नी चालवतोय, दुसऱ्या एका वाड्यात.

दुरुस्ती अवघड नाही, फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी पाणी. भिंतीलगतची दोन फुटी पट्टी छिन्नी-हातोड्यानं काढायची. ब्रेकर लावायचा नाही. त्याच्या हादऱ्यानं फुगलेली भिंत बसेल. मग मोरी मोकळी करायची आणि दहा फुटाला दोन इंच उतार द्यायचा. सिमेंटचा गिलावा दिवाळीनंतर सोलायचा आणि भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवायची. घाई होते ती इथेच. ओल्या भिंतीवर नवा थर दिला की तो पहिल्या पावसात पापडासारखा सुटतो. सुकल्यावर पांढरी माती, बारीक कापलेली धानाची तणस आणि शेण आठ दिवस भिजवायचं, रोज पायानं तुडवायचं आणि दोन थरांत लिंपायचं. चौकटीचा कुजलेला पाय कापून नवा साग सांधायचा आणि तो जमिनीपासून चार इंच वर, दगडावर टेकवायचा.

पुतळ्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. भिंतीलगतची फरशी काढायला त्या निकालाची गरज नाही. वारसांपैकी एकाची सही आणि चौथऱ्याच्या पोरांची हरकत नाही, एवढं पुरे. दोन मजूर, चार दिवस. मृगाच्या आत.