चार रुपये महिन्याच्या बाई

नमस्कार श्रोतेहो.

नागपूर स्टेशनावरून कामठीला जायला आज अर्धा-पाऊण तास लागतो. इंदोऱ्याला गर्दी असली तर थोडा जास्तच. हेच अंतर डोक्यावर ओझं घेऊन पायी काटायचं म्हटलं तर? साधारण १५ किलोमीटर. ओझ्यासकट बाई तासाला ४ किलोमीटर चालली तरी पुष्कळ झालं. म्हणजे जायलाच चार तास, परतीचे वेगळे.

जाईबाई चौधरी ही हमाली करत होत्या. त्याच जाईबाई, ज्यांनी १९२२ साली नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा कन्याशाळा काढली.

जन्म १८९२चा, उमरेडचा, महार कुटुंबातला. १८९६चा दुष्काळ पडला आणि घरच्यांनी नागपूर गाठलं. नवव्या वर्षी लग्न झालं. पुढे पोटासाठी हमाली.

चुंबळ कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. जुन्या लुगड्याचा पिळा, डोक्यावर ओझ्याखाली ठेवायचा. ढिली पिळली तर ओझं एका अंगाला कलतं आणि मान धरते. फार कडक पिळली तर टाळूला रुतते. त्याहून मोठी अडचण अशी, की डोक्यावरचा बोजा एकट्याने खाली उतरवता येत नाही आणि उतरवलाच तर पुन्हा डोक्यावर चढवता येत नाही. हात लावायला दुसरं माणूस लागतं. म्हणून अशी वाट चालणारा वाटेत टेकत नाही. तहान लागली तरी चालत राहतो. त्यात नागपूरचं ऊन! विदर्भातल्या शाळा उन्हापायी बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यावरही मुंबईकडच्या मंडळींना नवल वाटतं. त्यांना मे महिन्यात एकदा कामठी रोडवर दुपारी दोन वाजता उभं करावं.

असो. या जाईबाईंना ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली. पगार महिना ४ रुपये. रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ आणे. तीस दिवसांवर वाटले तर रोजचे दोन आण्यांहून जरासे जास्त. पण डोक्यावरचा बोजा उतरला आणि हातात खडू आला.

आणि मग पालकांना कळलं, की आपल्या मुलांना शिकवणारी बाई अस्पृश्य आहे. गलका झाला, शाळेवर बहिष्कार पडला, नोकरी गेली. श्रोतेहो, हे पुन्हा सांगतो. शिकवण्यात खोट निघाली म्हणून नोकरी गेली नाही, जात कळली म्हणून गेली. याच बाईने डोक्यावरून वाहिलेली ट्रंक, वळकटी लोक बिनदिक्कत घरात नेत. सामानाला विटाळ होत नव्हता. पाटीवरच्या अक्षराला झाला.

त्या काळी नागपुरात किसन फागोजी बनसोडे अस्पृश्य समाजातल्या मुलींच्या शिक्षणासाठी झटत होते. जाईबाईंनी तीच वाट धरली आणि आपलीच शाळा काढली.

शाळेला नाव दिलं चोखोबांचं, ज्यांची समाधी पंढरपूरला देवळाच्या पायरीपाशी आहे, आत नाही. जाईबाईंच्या वाट्यालाही ही पायरी पुन्हा आली. १९३७ अखेर अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. तिथे जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवलं. १ जानेवारी १९३८ला दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली.

जाता जाता एक बोलतो. आपल्याकडे शिक्षिकेला बाई म्हणत, आता सगळीकडे मॅडम झालं. जाईबाईंच्या नावातलं बाई काढून तिथे मॅडम घालून पाहा बरं. जमतं का?

मुख्याध्यापिकेचं काम म्हटलं की आपल्याला प्रार्थना, छडी आणि सत्काराची शाल आठवते. मला दाखल-खारीज आठवतं, म्हणजे मुलं शाळेत आली-गेली त्याच्या नोंदीचं रजिस्टर. नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दाखल केल्याचा दिवस. ही ओळ मुख्याध्यापकाच्या सहीने पक्की होते आणि जन्मभर माणसाच्या मागे राहते. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी वडिलांच्या बाजूच्या नातेवाइकाचा १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा मागतात. बहुतेक घरांत तेव्हाचं दुसरं काही लिहिलेलं नसतं. शेतीचा कागद नाही, घराचा नाही. वडिलांची आत्या चार वर्ग शिकली असेल तर तेवढी एक ओळ असते. ज्यांनी वस्तीतल्या पोरी शाळेत आणून बसवल्या, त्यांनी आज नातवंडांच्या हाती तो कागद दिला.

तो मिळवताना गफलत कुठे होते? एक तर त्या आत्याचं लग्नानंतरचं नाव सांगितलं जातं. रजिस्टरमध्ये माहेरचं नाव असतं, वडिलांच्या नावासकट. ते शोधायला सांगा. दुसरं, साल ठाऊक नसतं. आत्याच्या जन्मसालात सहा-सात मिळवा आणि त्याच्या मागचीपुढची तीन-तीन वर्षं पाहायला सांगा, कारण मुली उशिरा दाखल होत. तिसरं, नुसता शाळा सोडल्याचा दाखला मागू नका. दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, म्हणजे प्रवेश-निर्गम उतारा मागा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. शाळा बंद पडली असेल तर शिक्षण विभागाच्या कार्यालयात रजिस्टर कुठे गेलं ते विचारा. पुन्हा सांगतो, आत्याचं माहेरचं नाव, वडिलांच्या नावासकट. आणि जुनं पान वाळवीने खाल्लेलं असलं तर ते हाताळू देऊ नका, आधी फोटो काढून घ्या.

नमस्कार.