पुठ्ठ्यावरचा दक्षिण ध्रुव

श्रोतेहो, नमस्कार. गेल्या मे महिन्यात, बाहेर इंदूर भाजून निघत असताना, आमच्या रामबागेतल्या घरी भाचरांनी दक्षिण ध्रुव गाठला. पट मीच पुठ्ठ्यावर आखला होता आणि पहिल्या दिवशी तो सपशेल फसला, कारण मी सापशिडीची चाल जशीच्या तशी उचलली होती. मुलांना त्यातून एवढेच कळले की ध्रुवावर जायला नशीब लागते.

मग फासा डब्यात ठेवून दिला आणि शिध्याच्या चिठ्ठ्या केल्या. ध्रुव आठव्या घरात, दर घराला एक चिठ्ठी खर्च, आणि जवळ एका वेळी दहाच बाळगायच्या. जाऊन-येऊन सोळा लागतात, तेव्हा आधी खेपा घालून वाटेत साठा करणे भाग पडते. तो तिसऱ्या घरात केला तर दोन खेपा होतात, दुसऱ्या घरात केला तर एकीत भागते. धाकट्या भाच्याने अर्थातच दुसरे घर निवडले, ध्रुवावर पोहोचला, आणि परतताना साठ्यापासून दोन घरे अलीकडे त्याची शेवटची चिठ्ठी संपली.

तो रुसला, तेव्हा मी त्याला दक्षिण ध्रुवावर गेलेल्या ब्रिटिश संशोधक स्कॉटची हकीकत सांगितली. 80 अक्षांशावर ठेवायचा मोठा साठा त्याने 1911 मध्ये, तट्टे खंगल्यामुळे, 79 अंश 29 मिनिटांवरच ठेवला होता; पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याचा अखेरचा तंबू त्या साठ्यापासून जेमतेम 20 किलोमीटरवर पडला. त्याचा नॉर्वेचा प्रतिस्पर्धी अमुंडसेन याने मात्र 80, 81 आणि 82 अक्षांशांवर साठे केले होते, आणि धुक्यात चुकू नयेत म्हणून वाटेला आडव्या निशाणांच्या रांगाही रोवल्या होत्या. तो 14 डिसेंबर 1911 रोजी ध्रुवावर पोहोचला आणि सुखरूप परतला.

विज्ञानासाठी आम्ही कापूस वापरला. भारताचे अंटार्क्टिकातले पहिले ठाणे, दक्षिण गंगोत्री, समुद्रावर पसरलेल्या हिमस्तरावर उभारले होते व ते बर्फाखाली गाडले जाऊ लागले; पुढचे ठाणे, मैत्री, म्हणूनच खडकावर बांधले. पटावरच्या ठाण्यावर दर डावाला कापसाचा एक थर चढतो. असेच थर भेदून शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातून आठ लाख वर्षांपूर्वीचा बर्फ आणि त्यात अडकलेली तेव्हाची हवा वर काढली आहे, हे सांगितल्यावर धाकट्याने एकेक थर उचलायला सुरुवात केली. चौथ्या थराखाली त्याला शेवेचा तुकडा सापडला, आणि हा परवाच्या डावातला, असे त्याने लगेच जाहीर केले.