पडद्यावरचा हिरवा चौकोन

(दृश्य: अंधारी खोली, मोठे मॉनिटर, मॅमोग्राम)

मॅमोग्राम म्हणजे स्तनांचा एक्स-रे. स्तनाच्या कर्करोगासाठी केलेल्या एका स्त्रीच्या स्क्रीनिंगचे सहसा चार फोटो असतात, प्रत्येक स्तनाचे दोन. रेडिओलॉजिस्ट, म्हणजे असे फोटो वाचणारे डॉक्टर, डावं-उजवं शेजारी लावून, झूम करून मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके शोधतात. बहुतेकदा काहीच सापडत नाही. हजार जणींमागे कर्करोग निघतो तो मोजक्याच जणींना. त्यात युरोपात बऱ्याच ठिकाणी प्रत्येक तपासणी दोन डॉक्टर वाचतात.

एवढ्या कामात एआय मदतीला आलं, तर डॉक्टरांनी खूशच व्हायला हवं. पण अनेकांना ते मदतनीस म्हणून चालतं, एकट्यानं निर्णय देणारं नको असतं.

नोकरी जाण्याची भीती? ती बातम्यांत जास्त रंगते. २०१६ मध्ये एआयचे एक प्रणेते जेफ्री हिंटन म्हणाले होते, रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा. रेडिओलॉजिस्ट आजही कमीच पडतायत. अविश्वासाचं एक कारण बरंच जुनं आहे. ‘कॅड’ या संगणकीय मदतनीसाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. तो फोटोंवर खुणा करत सुटायचा, बहुतेक बिनकामाच्या. २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की कॅड वापरल्यावर बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) वाढल्या आणि अचूकता घटली. ज्यांनी ते दिवस काढले, ते आता ताकही फुंकून पितात, यात नवल काय?

अर्थात आताचं एआय कॅडच्या कितीतरी पुढे आहे. स्वीडनच्या ‘मासाई’ चाचणीत ८० हजारांवर स्त्रिया होत्या. २०२३ च्या निकालात फोटो वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी घटलं, आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. या आकड्यांपुढे नाक मुरडणं अवघड आहे.

(दृश्य: कोलोनोस्कोपीचा पडदा)

मोठ्या आतड्याच्या तपासणीत एआय डॉक्टरच्या डोळ्यांदेखत काम करतं. कॅमेरा सरकतो, पॉलिप, म्हणजे आतड्यातला कोंब, दिसला की चौकोन उमटतो. पोलंडमध्ये अशा चौकोनाची सवय झालेल्या अनुभवी डॉक्टरांचं एआयविना काम तपासलं गेलं. अ‍ॅडिनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या गाठी, एआय येण्याआधी २८ टक्के तपासण्यांत सापडायच्या. नंतर २२ टक्क्यांत. २०२५ मधला हा अभ्यास निरीक्षणात्मक आहे, इतरही कारणं असू शकतील. तरी डॉक्टरांना तो चटका लावून गेला.

शिवाय रिपोर्टखाली सही डॉक्टरचीच. एआयनं ‘ठीक’ म्हटलं आणि वर्षभरात गाठ निघाली, तर जाब कुणाला विचारायचा? सॉफ्टवेअरवाल्याला, रुग्णालयाला, की सही करणाऱ्याला? म्हणून काही रेडिओलॉजिस्ट आधी स्वतःचं मत नोंदवतात, मगच एआयचं उघडतात.